क्वेरी लेटरवर पाच जणांचे पाच फीडबॅक, मग ऐकायचं कोणाचं?

"ताई, पाच जणांनी पाच गोष्टी सांगितल्या, आता मी ऐकू कोणाचं?" हा प्रश्न माझ्यासारख्या समुपदेशकाकडे वेगवेगळ्या वेषात येत असतो, कधी बायोडेटावरून, कधी पीएचडीच्या चॅप्टरवरून, एकदा तर लग्नाच्या हॉलवरून सुद्धा आला होता. पण आज जी केस सांगतेय ती एका थ्रिलर कादंबरीच्या क्वेरी लेटरची, म्हणजे कादंबरी वाचायला मागावी म्हणून एजंटला पाठवायच्या एका पानाच्या पत्राची आहे. मुद्दाम सांगतेय, कारण आपल्या बडोद्यात लिहिणारी मराठी माणसं कमी नाहीत आणि त्यातली इंग्रजी मीडियममध्ये शिकलेली बरीच जणं आता इंग्रजीत लिहितात, आणि मग या एका पानावर अडकून बसतात. तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, कथानक सुद्धा तिनेच थोडं फिरवून दिलंय.

चाळिशीच्या जवळ आलेली बाई, मकरपुऱ्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते, सासर दांडिया बाजारातलं, जुनं एकत्र घर. लहानपणी आजोबांबरोबर सेंट्रल लायब्ररीत जायची, सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेली ती मांडवीजवळची, तिथून रहस्यकथा आणून आणून वाचायची सवय लागली ती लागलीच. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, आजवा तलावाचं पाणी सोडलं, अर्धं शहर पाण्यात आणि मगरी सोसायट्यांमध्ये, ते आठवत असेलच सगळ्यांना. त्या दिवसांत हिच्या डोक्यात कादंबरी सुरू झाली आणि रोज पहाटे उठून तिने ती पूर्ण केली. पूर्ण! इथपर्यंत कुठलाही प्रॉब्लेम नाही.

प्रॉब्लेम नंतर सुरू झाला. मराठीत आपण प्रकाशकाकडे सरळ हस्तलिखित पाठवतो किंवा जाऊन भेटतो, एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाला विकणारा माणूस, हा प्रकार मध्ये येत नाही. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकांकडे मात्र बहुतेक वेळा एजंटमार्फतच जावं लागतं, आणि एजंटने कादंबरी मागावी म्हणून आधी जे एक पानाचं पत्र पाठवायचं ते क्वेरी लेटर. साधारण तीनशे शब्दांचं, त्यात गोष्टीची ओढ लागेल इतकीच गोष्ट, मग कादंबरीचं नाव, प्रकार, शब्दसंख्या, गेल्या काही वर्षांतली एकदोन मिळतीजुळती पुस्तकं आणि स्वतःबद्दल एकदोन ओळी. शेवट सांगायचा नाही, शेवट सांगायचा तो सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे पूर्ण कथानकाच्या सारांशात, ते वेगळं कागदपत्र. हे सगळं तिनेच मला शिकवलं, आणि इतकं नीट शिकवलं की मला वाटलं हिला काय कमी आहे!

कमी होती झोप. रात्री अकरा-साडेअकराला फोनवर कोणाचा तरी फीडबॅक यायचा, ती उठून लॅपटॉप उघडायची, तो बदल करायची, दुसऱ्याला पाठवायची, दुसरा काहीतरी उलटं सांगायचा. फाइलींची नावं तिने दाखवली, फायनल, फायनल नवीन, खरंच फायनल, आणि एक नुसतीच "बास". ऑफिसात जीएसटी रिटर्नमध्ये चूक झाली तेव्हा घाबरून माझ्याकडे आली, आणि पहिल्याच सेशनला म्हणाली, "ताई, मला लिहिता येत नाही हे मान्य करायला मदत करा." मी म्हटलं, ते काम मी घेत नाही, दुसरं काही असेल तर बोल.

आता तिच्या पाच जणांकडे बघू. पुण्याचा मामेभाऊ म्हणाला वातावरणच येत नाही, पुराचं वर्णन वाढव. वर्कशॉपमध्ये ओळख झालेल्या एकीने सांगितलं की पुराचं सगळं काढ, हिरोइनचा भूतकाळ घाल. तिथल्याच दुसऱ्याला आशय कळला नाही, सुरुवातीला कादंबरी कशाबद्दल आहे ते एका वाक्यात लिही म्हणाला. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली मस्त आहे, काही बदलू नकोस. आणि नणंद म्हणाली, जाऊ दे, नणंदेकडे नंतर येते.

मी तिला एक काम दिलं. एक्सेल तिचा हातखंडा, तर एक शीट कर, एका रकान्यात वाचणारा कुठे अडखळला ते लिही आणि शेजारच्या रकान्यात त्याने काय उपाय सांगितला ते. पुढच्या वेळी ती शीट घेऊन आली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली. उपायांचा रकाना बघितला तर नुसता गोंधळ, हा म्हणतो वाढव, ती म्हणते काढ. पण अडखळल्याचा रकाना बघितला तर मामेभाऊ आणि वर्कशॉपवाले दोघे, तिघंही दुसऱ्या परिच्छेदावर अडखळले होते. एकाच जागी! त्या परिच्छेदात पाच पात्रांची नावं, एक धरण, एक बिल्डर आणि एक सरकारी समिती होती. त्यात तिघांची वाट हरवली आणि प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे औषध सांगितलं. वाचणाऱ्याला कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही, हे तो सांगतो तेव्हा त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण त्याला तसं झालंच आहे. उपाय मात्र तुझा, कारण आत काय आहे ते तुलाच माहीत आहे.

मग मी म्हटलं, पत्र उलटं ठेव आणि गोष्ट मला तोंडी सांग, स्कूटरवर मागे बसलेल्या मैत्रिणीला सिग्नल सुटायच्या आत सांगशील तशी. ती एका दमात म्हणाली, पूर ओसरताना एक मगर मेलेली सापडते, मगरी पकडणाऱ्या टीममधली डॉक्टर तिचं पोट फाडते, आत माणसाचा हात निघतो, हातावर घड्याळ, आणि ते घड्याळ तिने स्वतः नवऱ्याला वाढदिवसाला दिलेलं आहे. नवरा घरी टीव्ही बघतोय, दोन्ही हात जागेवर.

माझ्या अंगावर काटा आला. मी विचारलं, अगं मग हे घड्याळ पत्रात कुठे आहे? होतं, चौथ्या परिच्छेदात, "एक वैयक्तिक धागा सापडतो" एवढ्या शब्दांत. पत्र सुरू कशाने व्हायचं, तर माणसाने नदीवर केलेल्या अन्यायाने.

मला हे विचित्र वाटलं. ज्या बाईला तोंडी इतकं नेमकं सांगता येतं तिने ते पत्रात गाडलं का? म्हणून जुन्या फाइली तारखेप्रमाणे लावायला सांगितल्या. पहिल्या ड्राफ्टमध्ये घड्याळ पहिल्याच वाक्यात होतं, चक्क पहिल्या वाक्यात. मग एका तारखेनंतर ते एकेक परिच्छेद खाली गेलं. ती तारीख नणंदेच्या फीडबॅकची. नणंद म्हणाली होती, "नवऱ्यावर संशय घेणारी बायको? वहिनी, लोक काय समजतील, आमच्या दादाबद्दल लिहिलंयस म्हणतील ने." हसत म्हणाली होती, वाईट हेतू नव्हता, ती थ्रिलर वाचतही नाही. पण घरातल्या माणसाचं वाक्य म्हटलं की ते आत जाऊन बसतं, आणि पुढचा प्रत्येक ड्राफ्ट हिने एजंटसाठी लिहिलाच नाही, दिवाणखान्यातल्या लोकांसाठी लिहिला. नदी, पर्यावरण, समिती, सगळं कसं सभ्य. नवऱ्याला विचारलं का, असं मी विचारलं तर म्हणाली नाही. त्या संध्याकाळी विचारलं. तो म्हणाला घड्याळ कुठल्या कंपनीचं दाखवलंयस, चांगलं दाखव.

बघा, फीडबॅकच्या नावाखाली येणारं सगळंच लिखाणाबद्दल नसतं. काही प्रेम असतं, ऑफिसच्या मैत्रिणीचं "मस्त आहे" हे प्रेम, त्याने चहा गोड लागतो पण पत्र सुधारत नाही. काही घराची अब्रू असते, आणि काहींना नुसतं आपण हुशार आहोत हे दाखवायचं असतं. ते वेगळं काढायला शिकणं हे माझ्या मते समुपदेशनाचंच काम आहे, लेखनकलेचं नाही.

झोपेचं वेगळं. जितक्यांना विचारू तितकी खात्री होईल असं आपल्याला वाटतं, पण एकाने बरं म्हटल्यावर मिळणारा दिलासा तासभर टिकतो आणि मग शंका परत येते, मग अजून एकाला विचारायचं. दार लावलंय ना हे परत परत बघणाऱ्या माणसाचं जे होतं तेच. यात भर म्हणून तिच्या मनात एक भीती होती की एजंटकडे संधी एकदाच मिळते, आणि ती भीती अगदी खोटीही नाही, नाकारलेली कादंबरी मोठा बदल केल्याशिवाय त्याच एजंटला सहसा परत पाठवत नाहीत. पण एजंट एकच आहे थोडाच! एका वेळी पाच-दहा जणांना वेगवेगळी पत्रं पाठवायची, उत्तरं बघायची, पत्र बदलायचं वाटलं तर बदलून पुढच्या पाच-दहांना पाठवायची, ही सर्वमान्य पद्धत आहे, हे तिलाही माहीत होतं. माहीत असून भीतीच्या वेळी आठवत नाही, एवढंच.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. रात्री नऊनंतर फीडबॅक उघडायचा नाही. विचारायचं तिघांनाच, आणि तिघंही थ्रिलर वाचणारे हवेत, नातं नसलं तर उत्तम. "कसं वाटलं" हा प्रश्न बंद, कारण त्याला उत्तर देताना समोरचा एकतर कौतुक करतो नाहीतर परीक्षक होतो. त्याऐवजी विचारायचं, गोष्ट कोणाची आहे, तिला काय हवंय, तिच्यापुढे काय पेच आहे, आणि वाचताना कुठे लक्ष उडालं. तिघांची उत्तरं आल्याशिवाय फाइल उघडायची नाही, आणि कोणालाही "मला असं म्हणायचं होतं" असं समजावत बसायचं नाही, एजंटला समजवायला ती तिथे असणार नाहीये. अशा दोन फेऱ्या, मग पाठवायचं, परफेक्ट असो नसो.

दोन फेऱ्यांना दीड महिना लागला. तिघांपैकी दोघांना पहिल्याच फेरीत पेच कळला, घड्याळ जमा केलं तर नवरा तुरुंगात, लपवलं तर पुढचा मुडदा हिच्या माथी. तिसऱ्याला डॉक्टर म्हणजे माणसांची डॉक्टर वाटली, जनावरांची हा एक शब्द घातल्यावर तेही सुटलं. पाच नावांपैकी एक उरलं, हिरोइनचं.

एक गोष्ट मात्र पत्रात सुटण्यासारखी नव्हती. कादंबरी होती एक लाख बत्तीस हजार शब्दांची आणि थ्रिलर साधारण ऐंशी हजार ते एक लाखात असतात, नवीन लेखकाचा एवढा आकडा बघून एजंट पुढे वाचणारच नाही अशी शक्यता खूप. याबद्दल पाचातल्या एकानेही काही म्हटलं नव्हतं, कारण त्यांना ते माहीतच नव्हतं. बिल्डरचं अख्खं उपकथानक काढताना ती माझ्यासमोर रडली, ते रडणं ठीक होतं. अठ्ठ्याण्णव हजारांवर आणलं.

मध्येच एका सल्लागाराने पैसे घेऊन एजंट मिळवून द्यायची गॅरंटी दिली होती, आणि ही ते पैसे जवळजवळ भरणार होती. खरा एजंट वाचायचे पैसे घेत नाही, पुस्तक विकलं गेलं तर त्यातून कमिशन घेतो, बहुतेक ठिकाणी पंधरा टक्के, परदेशी हक्कांवर वीस. आधी पैसे मागणारा माणूस दिसला की नमस्कार करून निघायचं, यात मला तरी दुसरी बाजू दिसत नाही.

पहिल्या आठ एजंटांना पत्र गेलं. तिघांचा छापील नकार आला, तिघांकडून काहीच नाही, आणि ठरावीक आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजा असं अनेक एजंट आधीच लिहून ठेवतात, म्हणून कॅलेंडरवर तारखा टाकून ठेवल्या होत्या, रोज इनबॉक्स बघायचं कारण उरलं नाही. दोघांनी पुढची पानं मागितली. त्यातल्या एकीने पानं वाचून नकार देताना लिहिलं की कल्पना आवडली पण सुरुवातीची पानं हळू वाटली. ती परत माझ्याकडे आली, चेहरा पडलेला, आणि तेवढ्यात स्वतःच म्हणाली, "पण ताई, पानं मागितली म्हणजे पत्राने काम केलं ने?" केलं. पत्रावर कोणीच काही मागितलं नसतं तर पत्र बघायचं, मागून मग नकार येत असेल तर पानं बघायची. तिने पत्राची फाइल बंद केली, पहिल्या प्रकरणाची उघडली, आणि त्या तिघा वाचकांतल्या दोघांना पहिली दहा पानं पाठवली. सोबत एकच प्रश्न, कुठल्या पानावर चहा करायला उठावंसं वाटलं? दोघांनीही चौथं पान सांगितलं. चौथ्या पानावर अजून ती समिती आहे म्हणे.