ज्याची गाणी बड्या बड्या लोकांनी गायली, पण ज्याचं स्वतःचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, असा रिदम अँड ब्लूजचा (आर अँड बी, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं लोकप्रिय संगीत) गायक-गीतकार कोण?

माझं उत्तर: आर्थर अलेक्झांडर.

मला हे नाव एका कॅसेटच्या आतल्या कागदावर सापडलं. बीटल्स या इंग्लंडच्या चौघांच्या बँडचा पहिला अल्बम, 'प्लीज प्लीज मी'. पहिली दोन गाणी नुसती उड्या मारत येतात आणि तिसऱ्या गाण्यावर, 'अ‍ॅना'वर, एकदम कुणीतरी खाली बसून शांतपणे बोलायला लागतं. हे गाणं या चौघांचं नसावं असं मला तेव्हाच वाटायचं. कागदावर कंसात एवढंच छापलेलं होतं: अलेक्झांडर. पहिलं नावसुद्धा नाही.

त्याचा जन्म 1940 चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या शेफिल्डचा. टेनेसी नदीच्या दोन्ही काठांवर शेफिल्ड, फ्लॉरेन्स, टस्कम्बिया आणि मसल शोल्स ही चार छोटी गावं जवळजवळ आहेत. आर्थर तिथे एका हॉटेलात सामान उचलायचं काम करायचा आणि गाणी रचायचा. वडिलांचं नावही आर्थर, त्यामुळे हा 'ज्युनियर', आणि त्याचं झालं 'जून'. 1960 मध्ये 'सॅली स्यू ब्राउन' ही पहिली तबकडी 'जून अलेक्झांडर' याच नावानं निघाली आणि विसरलीही गेली.

पुढच्या वर्षी मात्र वेगळंच घडलं. रिक हॉल नावाच्या एका धडपड्या माणसानं मसल शोल्समध्ये तंबाखू आणि गोळ्या-चॉकलेटच्या जुन्या गोदामात फेम नावाचा स्टुडिओ थाटला होता. तिथे आर्थरनं 'यू बेटर मूव्ह ऑन' गायलं. साथीला पियानोवर डेव्हिड ब्रिग्ज, बासवर नॉर्बर्ट पुटनम, ड्रम्सवर जेरी कॅरिगन. आर्थर काळा, आणि ही सगळी गोरी पोरं, विशीच्या आतबाहेरची. काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर जेवायचीही चोरी होती त्या अलाबामातली ही गोष्ट, हे विसरू नका. हॉल ती टेप घेऊन नॅशव्हिलमध्ये दारोदार फिरला, नकार पचवले आणि शेवटी डॉट या रेकॉर्ड कंपनीनं ती घेतली. 1962 मध्ये गाणं अमेरिकेच्या पॉप यादीत 24 व्या क्रमांकापर्यंत गेलं.

त्या पैशातून हॉलनं नवा, धड स्टुडिओ बांधला. विल्सन पिकेट, अरीथा फ्रँकलिन यांच्यासारखे नामवंत गायक पुढे गायला आले ते तिथेच. आर्थरला मात्र डॉटवाल्यांनी नॅशव्हिलला नेलं आणि बऱ्याच गाण्यांवर त्या वेळच्या फॅशनप्रमाणे कोरस-व्हायोलिनचा लेप चढवला. ज्याच्या गाण्यावर स्टुडिओ उभा राहिला, तो त्या स्टुडिओच्या भरभराटीच्या काळात तिथे नव्हताच. मला विचाराल तर त्याची गाडी इथेच रुळावरून घसरली.

पण समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये काही पोरं त्याच्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकत होती. रोलिंग स्टोन्स या बँडनं 1964 च्या आपल्या पहिल्या ईपीवर (मोजक्या गाण्यांची छोटी तबकडी) 'यू बेटर मूव्ह ऑन' घेतलं. बीटल्सना तर त्याचं वेडच होतं. त्यांनी 'अ‍ॅना' घेतलंच, शिवाय रेडिओवर 'सोल्जर ऑफ लव्ह' आणि 'अ शॉट ऑफ रिदम अँड ब्लूज' गायली. ही दोन्ही गाणी आर्थरनं रचलेली नाहीत, इतर गीतकारांची आहेत. पण बीटल्स त्यांच्यापर्यंत पोचले ते त्याच्या आवाजातून. पुढे 1988 मध्ये बॉब डिलननं 'सॅली स्यू ब्राउन' गायलं. बीटल्स, स्टोन्स आणि डिलन, तिघांच्याही तबकड्यांवर ज्याची रचना आहे असा दुसरा गीतकार शोधून बघा, दमछाक होईल.

असं काय होतं त्याच्यात? माझ्या मते, न ओरडणं. त्या काळच्या आर अँड बीमध्ये प्रेमभंग झाला की गायक गुडघ्यावर बसून टाहो फोडायचा. हा लहानपणी काउबॉय गायकांची, कंट्रीची म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या ढंगाची गाणी ऐकत वाढलेला, त्यामुळे त्याची मांडणी साधी, सरळ, गोष्टीसारखी. 'यू बेटर मूव्ह ऑन'मध्ये एक गरीब मुलगा श्रीमंत प्रतिस्पर्ध्याला सांगतो की बाबा रे, तू आता निघ. धमकीच आहे ती, पण इतक्या अदबीनं दिलेली की ऐकणाऱ्याला त्या मुलाचीच कणव यावी. 'अ‍ॅना'मध्ये त्याच्या उलट: तुझं त्याच्यावर प्रेम असेल तर जा त्याच्याकडे. आदळआपट नाही, शिव्याशाप नाहीत.

पुढची हकीकत थोडक्यात. गाणी जगभर वाजत होती, त्याच्या हाती पडत होतं थोडंच. मधली काही वर्षं तब्येतीच्या आणि मनाच्या दुखण्यात गेली. 1972 च्या अल्बममध्ये त्यानं 'बर्निंग लव्ह' गायलं. डेनिस लिंडची रचना. त्याच वर्षी एल्विसनं ते गायलं आणि ते कायमचं एल्विसचं झालं. नशीब बघा! 1975 मध्ये स्वतःच्याच जुन्या गाण्यानं, 'एव्हरी डे आय हॅव टु क्राय सम'नं, त्याला पुन्हा थोडं यश दिलं. त्यानंतर तो संगीत सोडून क्लीव्हलंडला गेला आणि एका समाजसेवा केंद्राची बस चालवू लागला.

तिथून त्याला परत आणलं ते 1993 च्या 'लोन्ली जस्ट लाइक मी' या अल्बमनं. निर्माता बेन व्हॉन, आणि साथीला डॅन पेन, स्पूनर ओल्डहॅम, डॉनी फ्रिट्स ही मसल शोल्सची जुनी दोस्तमंडळी. आवाज तसाच, थोडा अधिक जड. कौतुक सुरू झालं, कार्यक्रम ठरू लागले, आणि त्याच वर्षी 9 जूनला नॅशव्हिलमध्ये हृदयविकारानं तो गेला. वय 53.

ऐकायचं असेल तर सुरुवात मूळ 'अ‍ॅना'पासून करा, आणि लगेच बीटल्सचं लावा. आर्थरकडे पियानोवर वाजणारी ती छोटी घसरती जागा बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं गिटारवर उचलली आहे, ती पटकन सापडेल. हे गाणं गाणाऱ्या जॉन लेननला रेकॉर्डिंगच्या दिवशी सर्दी झाली होती, घसा ताणून ताणून तो गाण्यातून दुःख बाहेर काढतो. ते मला आजही आवडतं. पण त्यानंतर पुन्हा एकदा आर्थरकडे या. तो आवाज एकदाही चढवत नाही.