सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा तांडेल व्हायचं म्हणजे…

“समुद्र सोडून बरीच वर्षं झाली. आता या वयात तांडेल म्हणून बोट घेऊन जाणं जमेल का? नवे खलाशी ऐकतील का?” कोकण किनाऱ्यावरचे मध्यमवयीन मच्छीमार समुपदेशनाला आले की हा प्रश्न हमखास निघतो. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा प्रमुख. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तांडेलाच्या बाबतीत त्याचं उत्तर कसं शोधलं, ते इथे देत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ तिशीत ट्रॉलरवर, म्हणजे जाळं मागे ओढत नेणाऱ्या बोटीवर, तांडेल होते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा त्यांची बोट समुद्रातच होती. सगळे सुखरूप परतले, पण पुढच्या हंगामात त्यांनी कारखान्यात सुरक्षारक्षकाची नोकरी धरली. ती नोकरी सुटली. मुलाचं शिक्षण अर्ध्यावर होतं. अशात एका बोटमालकाने बोलावणं पाठवलं, सोबत भरभक्कम उचल देऊ केली. पत्नीचं म्हणणं एकच, “उपाशी राहू, पण पुन्हा तो समुद्र नको.”

सुरुवातीला बोलणं गुडघ्यांवर आणि चष्म्यावर झालं. त्याची उत्तरं डॉक्टरकडे मिळतात. जवळचं दिसेनासं झालं असेल तर वाचायचा चष्मा गळ्यात दोरीला बांधावा. केबिनमधल्या जीपीएसचा आणि मासळीचा थवा दाखवणाऱ्या फिशफाइंडरचा उजेड रात्री कमीत कमी ठेवावा, कारण डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि झगझगीत पडद्याकडे एकदा बघितलं की ते सगळं वाया जातं. रंग ओळखण्याची तपासणी मात्र टाळूच नये. समोर वर हिरवा आणि खाली पांढरा दिवा दिसला तर ट्रॉलर जाळं ओढतोय, वर लाल आणि खाली पांढरा दिसला तर जाळं टाकून दुसऱ्या पद्धतीची मासेमारी चाललीय, हे क्षणात कळायला हवं.

खलाशांचं म्हणाल, तर ते वय बघत नाहीत, जाळं अडकलं की तांडेल काय करतो ते बघतात. इंजिन जोरात देऊन ओढत बसलं तर बोटीची मागची बाजू दबते आणि पाणी आत येतं. ताण सोडून बोट अडकलेल्या जागेवर आणायची आणि उलट्या दिशेने जाळं सोडवायचं, हे या गृहस्थांच्या हातात अजून होतं.

अडचण दुसरीकडे होती. पत्र्यावर वारा वाजला की ते रात्री उठून बसत. एकदा त्यांनी स्वतःच विचारलं, “वारा उठला की मी बोट फिरवीन, का मालकाच्या डिझेलचा विचार करत थांबेन?” आमच्या मते परतणाऱ्या प्रत्येक तांडेलाने हाच प्रश्न आधी सोडवावा, आणि तो जमिनीवर असतानाच सोडवावा.

भीती सगळी काढून टाकायची नसते. फयान बघितलेल्या माणसाला आभाळाची धास्ती वाटणं हे शहाणपण आहे. छाती धडधडून हातपाय सुन्न पडत असतील तर मात्र आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं आणि आपलं काम रात्रीच्या पहाऱ्याचं आहे हे त्यांना स्पष्ट सांगावं. झोप आणणाऱ्या गोळ्या आणि सुकाणू एकत्र चालत नाहीत. यांच्या बाबतीत पायऱ्या ठरवल्या. आधी रोज जेटीवर जायचं, मग नांगरलेल्या बोटीत रात्र काढायची, नंतर सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं.

मग हिशोब. बंदरापासून ६० सागरी मैलांवर बोट आहे आणि ती ताशी ७ मैल चालते असं धरलं, तर शांत समुद्रात परतायला साडेआठ तास लागतात. समोरून वारा आणि लाटा असतील तर वेग ४ वर येतो, म्हणजे १५ तास. इंजिन तासाला १५ लिटर खात असेल तर २२५ लिटर डिझेल निव्वळ परतीचं. ते वेगळं धरायचं, मासळी कितीही लागो, त्याला हात लावायचा नाही. वारा अंगावर आल्यावर फिरू म्हणणाऱ्याकडे हे १५ तास नसतात.

म्हणून वादळाचा इशारा आला की फिरायचं, इंजिनचं तापमान दुसऱ्यांदा चढलं की फिरायचं, खलाशी जखमी झाला की फिरायचं, हे कागदावर लिहून मालकाची सही घ्यायला सांगितलं. त्याखाली एक ओळ होती : वादळामुळे अर्धवट सोडलेल्या फेरीचा खर्च तांडेलाच्या नावावर चढणार नाही. उचलीचा संबंध इथेच येतो. मोठी उचल घेतलेला तांडेल रिकामी बोट घेऊन परतायला कचरतो. घरखर्चापुरतीच उचल घ्या आणि ती वहीत लिहून घ्या, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

पहिल्या मालकाने सही नाकारली. दुसऱ्याने केली, पण मासळीच्या कमाईतला वाटा थोडा कमी देऊ केला. यांनी तो पत्करला. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, पण ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेलाच असतो. त्यामुळे ते ऑक्टोबरमध्ये गेले, तेही आधी दुसऱ्या तांडेलाच्या हाताखाली. व्हीएचएफ रेडिओचा संकटकाळी वापरायचा चॅनल १६, बोटीचा ठावठिकाणा कळवणारा ट्रान्सपॉन्डर, नकाशावर बोट दाखवणारा प्लॉटर हे सगळं तिथेच हाताखालून गेलं. मच्छीमार ओळखपत्र आणि प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला गट अपघात विमा (मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये) यांची कागदपत्रं मच्छीमार सोसायटीतून पूर्ण केली.

पत्नीला धीराच्या शब्दांपेक्षा माहिती हवी होती. प्रत्येक फेरीआधी कुठल्या दिशेला, किती वाव खोल पाण्यात (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट), परतीची तारीख आणि वेळ, सोबतच्या दोन बोटींच्या तांडेलांचे फोन, एवढं त्या वहीत लिहून घेतात. ठरलेल्या वेळेनंतर ६ तासांत निरोप आला नाही तर आधी मालक आणि सोसायटी, तिथूनही पत्ता लागला नाही तर तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४.