'अध्ययन अक्षमता' आणि 'गतिमंद' एकच का?

प्रश्न असा आला आहे: भाच्याच्या तपासणी अहवालात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' असं लिहिलंय आणि घरात सगळे त्याला 'गतिमंद' म्हणू लागलेत. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि चाळिशीतल्या माणसाबद्दल 'अध्ययन अक्षमता' हा शब्द वापरता येतो का?

एकच नाही. घरातला तो दुसरा शब्द आजच बंद व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

ज्या मुलांची शिकण्याची गती सगळ्याच विषयांत कमी असते, बुद्ध्यंक साधारण ७० ते ८५च्या दरम्यान असतो, त्यांना शिक्षणक्षेत्रात 'गतिमंद' म्हणत आले आहेत. शिवाय 'मतिमंद' म्हणायला जीभ धजत नाही म्हणूनही लोक 'गतिमंद' म्हणतात, त्यामुळे त्या शब्दाचा अर्थ पार सैल झालाय. अध्ययन अक्षमतेचं निदान करताना बुद्ध्यंकही तपासतात. तो सर्वसाधारण असून, नीट शिकवूनही मूल वाचन, लेखन किंवा गणितात बरंच मागे राहत असेल, तर हे नाव देतात. अडचण सरसकट नाही, ठरावीक ठिकाणी आहे, हे सांगण्यासाठीच तिथे 'विशिष्ट' आहे. बोलताना नेमकं तेच विशेषण गळतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल कर्क यांनी १९६३ साली शिकागोत पालकांसमोर 'लर्निंग डिसेबिलिटी' ही संज्ञा मांडली, तेव्हाही एकूण बौद्धिक वाढ कमी असलेली मुलं या गटात नाहीत, असं त्यांनी स्पष्ट केलं होतं. (नातेवाईक ब्रिटनमध्ये असतील तर सांभाळा. तिथे हीच संज्ञा बौद्धिक अक्षमतेसाठी वापरतात.)

वाचनातल्या अडचणीला डिसलेक्सिया म्हणतात. तो डोळ्यांचा दोष नव्हे. बहुतेकदा शब्दातले ध्वनी सुटे करणं आणि ते अक्षरांशी जुळवणं जड जातं. मराठीत हे कसं दिसतं ते पाहा. 'किती' मधली पहिली वेलांटी कागदावर 'क'च्या आधी येते, उच्चारात मात्र नंतर. 'सूर्य' मधला रफार 'य'च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारायचा 'य'च्या आधी. त्यात घ-ध, भ-म, प-ष अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या. बाकीची मुलं सरावाने हे विसरून जातात. या मुलाला प्रत्येक ओळीत ते नव्याने सोडवावं लागतं. मग हाच मुलगा तोंडी उत्तर फडाफड देतो आणि पेपर कोरा ठेवतो, तेव्हा त्याला आळशी ठरवलं जातं.

'अध्ययन अक्षम मुलगा' या रचनेलाही माझा विरोध आहे. 'अक्षम' हे विशेषण थेट मुलाला चिकटतं आणि तो शिकूच शकत नाही असा अर्थ निघतो, जो धडधडीत खोटा आहे. 'त्याला अध्ययन अक्षमता आहे' म्हणावं. त्याहून बरं म्हणजे 'त्याला वाचायला जड जातं, डिसलेक्सिया आहे' असं सरळ सांगावं. आजीलाही कळतं.

मोठ्यांबद्दल 'अध्ययन अक्षमता' हा शब्द जरूर वापरता येतो. 'अध्ययन' म्हटलं की शाळा आठवते, म्हणून दहावीनंतर हे संपतं असा समज होतो. पण ही मेंदूची जन्मभराची घडण आहे. चेकवर अक्षरी रक्कम लिहिताना अडणारा, अर्ज घरी नेऊन भरणारा हुशार कारागीर अशी घडण असलेल्यांपैकी एक असू शकतो. १९९५च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत ही अक्षमता नव्हती, २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आली. आज चाळिशीत असलेल्यांची शाळा तोवर केव्हाच आटोपली होती. वर्गात त्यांच्यासाठी एकच शब्द असायचा: 'ढ'. ब्राह्मीपासून या अक्षराचा आकार फारसा बदलला नाही, म्हणून न सुधारणारा तो 'ढ', अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. अशा माणसाला तपासणी करून घ्यावीशी वाटली, तर वय आड येत नाही, आणि अहवालावर शब्दही हाच येतो: विशिष्ट अध्ययन अक्षमता.