आजीचं पान परत पाठवते आहे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचं जर्नल तपासलं. एका पानावर मात्र सही केलेली नाही. चिन्हं जुळवायच्या चाचणीत ७४ वर्षांच्या आजीला तुझ्या निम्मे गुण मिळाले आणि तू निष्कर्ष लिहिलास : वाढत्या वयाबरोबर बुद्धी कमी होते. हे वाक्य मला फार बोचलं.

प्रयुक्ताच्या, म्हणजे जिची चाचणी घेतली तिच्या, माहितीत तू फक्त वय लिहिलंस. आजी कितवीपर्यंत शिकली? पेन्सिल शेवटची कधी धरली होती? तुमच्या दोघींच्या गुणांतल्या फरकात वय किती आणि पिढी किती, हे एका दुपारच्या चाचणीतून कसं कळणार?

मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये त्यांनी विशीपासून सत्तरीपर्यंतच्या ५०० जणांची चाचणी घेतली. तरुण पुढे, म्हातारे मागे. पण ते तिथे थांबले नाहीत. १९६३ मध्ये त्याच माणसांना पुन्हा बोलावलं आणि पुढे दर सात वर्षांनी बोलावत राहिले. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केल्यावर चित्र पालटलं. शब्दार्थ, तर्क यांतली ठळक घसरण बहुतेकांत साठीच्या आसपास किंवा त्यानंतरच दिसू लागली. पहिल्या आलेखातला बराचसा उतार वयाचा नव्हताच. पुढच्या पिढ्यांना शाळा जास्त मिळाली होती, त्याचा तो होता.

वेग मात्र लवकर मंदावतो, हे खरं. आणि तू नेमकी वेगाचीच चाचणी घेतलीस!

मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टिस म्हणत, विकासात प्रत्येक वयात कमाई असते आणि गमावणंही असतं. अगदी पाळण्यातसुद्धा. इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखतात. वर्षाची होईतो बहुतेकांना तो फरक कळेनासा होतो, हे जॅनेट वर्कर यांनी १९८४ मध्ये दाखवलं. याच काळात ती घरच्या भाषेत मुरत असतात. त्या बाळाला आपण मंद म्हणत नाही, मग आजीला का म्हणायचं?

रविवारी पुन्हा तिच्याजवळ बस. घड्याळ लावू नकोस. जुन्या शब्दांचे अर्थ विचार, भांडणारी दोन घरं तिने कशी सांभाळली ते विचार, आणि शाळा कधी सुटली तेही. मग निष्कर्ष नव्याने लिही.

आजींना माझा नमस्कार सांग.

तुझी,
बाई