न्यूरोसार्कॉइडोसिसमध्ये (सार्कॉइडोसिस हा सुजेचा आजार मेंदूत किंवा मज्जासंस्थेत पसरला तर) एमआर अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा एमआरआय) नॉर्मल आली, तरी मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज असू शकते का?

हो, असू शकते. नॉर्मल अँजिओग्राफीवर विसंबून राहू नका. सार्कॉइडच्या गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा, मेंदूच्या आवरणातून आत शिरणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या कडेकडेने पसरतात आणि त्यांच्या भिंतीत घुसतात. भिंत सुजली की आतली वाट अरुंद होते, मग छोटे इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेंदूचा भाग मरणं), क्वचित रक्तस्रावही. या वाहिन्या बऱ्याचदा मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, त्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. शिरांनाही हाच त्रास होतो. म्हणून काँट्रास्ट (शिरेतून द्यायचं, चित्र उजळवणारं द्रव्य) देऊन एमआरआय करतात. त्यात आवरण आणि वाहिन्यांलगतच्या रेषा उजळलेल्या दिसतात. एमआरआयच्याच डिफ्युजन प्रकारात ताजे इन्फार्क्ट दिसतात, एसडब्ल्यूआय प्रकारात सूक्ष्म रक्तस्राव. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात प्रोटीन आणि लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असू शकतात, पण खात्री बायोप्सीनेच, म्हणजे तुकडा काढून तपासूनच. फुप्फुसाजवळची लसिकाग्रंथी तपासायला मिळाली तर बहुधा मेंदूला हात लावावा लागत नाही.

उपचारात बहुधा मिथिलप्रेडनिसोलोन १ ग्रॅम शिरेतून ३ ते ५ दिवस, मग तोंडाने स्टेरॉइड आणि जोडीला मेथोट्रेक्सेट किंवा इन्फ्लिक्सिमॅब, ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: आपल्याकडे आधी टीबी नाकारलाच पाहिजे. टीबीतही मेंदूच्या आवरणाला सूज, ग्रॅन्युलोमा आणि इन्फार्क्ट असंच चित्र दिसतं, आणि इन्फ्लिक्सिमॅबने दबलेला टीबी उसळतो.

तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं, यांपैकी काहीही अचानक झालं तर तडक इमर्जन्सी गाठा. स्टेरॉइड मनाने बंद करू नका.