रॉलीला आईबाबा ऑक्टोबरमध्ये येताहेत, त्यांना दाखवण्यासारखं काय आहे?

तुमच्या प्रश्नातली खरी काळजी शेवटच्या ओळीत आहे: "न्यूयॉर्क, नायगारा आठ दिवसांत उरकेल, पण बाकीचे दीड महिने रॉलीत ते काय करणार? गाडी चालवता येत नाही, इंग्रजीही बेताचंच." रॉली ही अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याची राजधानी, आणि मी नऊ वर्षं तिच्या शेजारच्या कॅरी गावात राहतो. माझे आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा मलाही हीच धास्ती होती. आता सांगतो ते ऐका, बाकी काही जमो न जमो, ऑक्टोबरच्या मध्यात स्टेट फेअर असतं, तिथे त्यांना न्या. आणि शनिवार-रविवारी नेऊ नका.

स्टेट फेअर म्हणजे आपली जत्रा आणि कृषी प्रदर्शन एकत्र. नॉर्थ कॅरोलिना राज्याचं कृषी खातं ते भरवतं. पहिलं 1853 साली भरलं आणि आताच्या मैदानावर 1928 पासून भरतंय. गुरुवारी सुरू होऊन पुढल्या आठवड्याच्या रविवारी संपतं, म्हणजे अकरा दिवस. रॉलीची वस्ती 2020 च्या जनगणनेत 4,67,665 होती आणि फेअरला या अकरा दिवसांत दहा लाखांच्या आसपास माणसं येतात. गर्दीचा अंदाज यावरून करा.

बहुतेक लोक आत शिरले की पाळण्यांकडे आणि तळणाकडे वळतात. तुम्ही आधी जनावरांच्या गोठ्यांकडे वळा. माझ्या बाबांनी उभी हयात सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघात काढली. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींकडे त्यांनी "बरं आहे" म्हणून पाहिलं होतं. इथे मात्र गोठ्यात शिरले आणि थांबले ते थांबलेच. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी तिच्या जर्सी गाईला धुऊन, ब्लोअरनं वाळवत होती. बाबांनी आधी कास पाहिली, मग मागून एक चक्कर मारली आणि मला म्हणाले, "विचार तिला, कितव्या वेताची आहे." वेताला इंग्रजीत काय म्हणतात ते मला कुठून ठाऊक असणार! मी "हाउ मेनी बेबीज" असं काहीतरी पुटपुटलो. तिनं दोन बोटं वर केली. त्यानंतर माझं काही कामच उरलं नाही. दोघं हातवाऱ्यांवर बोलत होती. दूध किती विचारल्यावर तिनं आकडा पौंडात सांगितला (इथे दूध पौंडात मोजतात, सव्वादोन पौंडांच्या जरा वर म्हणजे एक लिटर), तेवढा हिशोब फक्त मी करून दिला. गाईला वशिंड नाही याचं आईला फार वाईट वाटत होतं.

सगळी जनावरं अकराही दिवस नसतात. दुभत्या गाई, बैल, शेळ्या, मेंढ्या यांचे दिवस ठरलेले असतात, तेव्हा फेअरच्या संकेतस्थळावर वेळापत्रक पाहूनच दिवस निवडा. पहिल्या नंबरची फीत इथे निळी असते हे बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर लाल फीतवाल्यापाशी उगाच कौतुक करत उभे राहतील.

आईसाठी दुसरा कोपरा: लोणची, मुरांबे, केक, गोधड्या यांच्या स्पर्धा. घरच्या बायकांनी (आणि बऱ्याच पुरुषांनी) केलेल्या बरण्या काचेमागे मांडलेल्या असतात. आई प्रत्येक बरणीपुढे थांबून "पाक कच्चा राहिलाय", "याला बुरशी येणार" असा निकाल देत होती. शेजारीच राज्यातले कारागीर बसलेले असतात, कुणी मातीची भांडी घडवतंय, कुणी लाकूड कोरतंय, कुणी टोपल्या विणतंय. भाषा लागत नाही, नुसतं उभं राहून बघायचं.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. भाजलेलं कणीस असतं, फक्त लोण्यात बुडवून देतात, तिखटमीठ घरून न्या. उकडलेल्या शेंगा हा इकडच्या दक्षिणेचा खास खाऊ, अगदी आपल्यासारख्या सालासकट मिठात उकडलेल्या. माझ्या आईबाबांना अमेरिकेत भेटलेला हा पहिला ओळखीचा पदार्थ. आइस्क्रीम खायचं तर हाउलिंग काउचं. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या स्वतःच्या गोठ्यातल्या दुधाचं आहे आणि विद्यार्थीच विकतात. रांग लांब असते, पण सरकते. हशपपी नावाची मक्याच्या पिठाची भजी मिळतात, ती कशाच्या तेलात तळली ते मात्र विचारून घ्या. बाकी तिथे काय काय तळतात ते सांगत नाही, बिस्किटापासून लोण्यापर्यंत काहीही तळतात.

फेअरच्या मैदानातच डॉर्टन अरीना ही इमारत आहे. दोन प्रचंड काँक्रीटच्या कमानी एकमेकींना छेदून बाहेर कललेल्या आणि मधे तारांवर ताणलेलं खोगिरासारखं छप्पर. लोक तिच्या सावलीत बसून कणीस खातात आणि वर बघतही नाहीत. ती ज्यांनी कल्पिली ते पोलिश वास्तुरचनाकार नोविट्स्की चंदीगडच्या सुरुवातीच्या आराखड्यावर काम करत होते. भारतातून परतताना, 31 ऑगस्ट 1950 ला, मुंबईहून न्यूयॉर्ककडे निघालेलं त्यांचं विमान कैरोनंतर इजिप्तमध्ये कोसळलं. चंदीगड पुढे ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकाराकडे गेलं आणि ही इमारत 1952 मध्ये त्यांच्यामागे पूर्ण झाली. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी तिचा एकटीचा फोटो काढायला लावला, माणूस मधे नको म्हणाले.

आता व्यवहाराच्या गोष्टी. 65 च्या पुढच्यांना प्रवेश फुकट असतो. तुमचं तिकीट आगाऊ घेतलं तर स्वस्त पडतं. सकाळी उघडताना पोचा आणि दुपारी दोनच्या सुमाराला निघा. चालणं भरपूर आहे, गुडघे दुखत असतील तर लाज न बाळगता व्हीलचेअर घ्या. दाराशी मेटल डिटेक्टर असतात. माझ्या आईच्या पर्समध्ये अडकित्ता निघाला. तो काय आहे हे सुरक्षारक्षकाला समजावण्यात पाच मिनिटं गेली आणि गाडीत ठेवून यायला अर्धा तास. आणखी एक: विद्यापीठाचं फुटबॉल स्टेडियम आणि हरिकेन्स या संघाचं आइस हॉकीचं मैदान फेअरला लागूनच आहे. सामना त्याच दिवशी असला तर त्या रस्त्याला जाऊच नका.

बाकीच्या दिवसांसाठी थोडक्यात. स्टेट फार्मर्स मार्केट रोज उघडं असतं, मंडईची सवय असलेल्या माणसाला तिथे दोन तास सहज जातात. शरदात जाड सालीची स्कपरनाँग द्राक्षं, डोंगराकडची सफरचंदं, आणि रताळी तर ढिगांनी. अमेरिकेत सगळ्यात जास्त रताळी याच राज्यात पिकतात. आईनं उपवासासाठी म्हणून एवढी घेतली की मी दिवाळीपर्यंत रताळ्याचा कीस खात होतो. सप्टेंबरमध्येच येणार असतील तर निसर्गविज्ञान संग्रहालयाचा बगफेस्ट असतो, किड्यांची जत्रा. तिथे किडे शिजवून खायलाही देतात, तिकडे आईबाबांना मी नेलं नाही. कॅरीत हम सब ही भारतीयांची संस्था तळ्याकाठच्या कोका बूथ अँफिथिएटरमध्ये दिवाळी करते. नाच ठीकठाक, पण शेकडो साड्या एकत्र दिसतात आणि मराठी बोलणारी दोन-चार कुटुंबं हमखास भेटतात. पुढच्या आठवड्यांत आईला फोन करणाऱ्या दोन मैत्रिणी तिथेच मिळाल्या, हे मी धरलंच नव्हतं. कॅरीतल्या व्यंकटेश्वराच्या देवळाचं 87 फुटी गोपुर तुम्ही तसंही दाखवालच.

संध्याकाळी रोज गाडीनं कुठे नेणं जमणार नाही. शेजारच्या मॉरिसव्हिल गावात राहत असाल तर गावाची फुकट स्मार्ट शटल आहे, ॲपवर बोलवायची. ती दोनदा सोबत जाऊन शिकवा, तिसऱ्यांदा बाबा एकटे जातील.

पानं बघायला डोंगरात चार तास गाडी हाकायची घाई करू नका. रॉलीत ऑक्टोबर संपता संपता रंग चढतो, अमस्टेड पार्क विमानतळाशेजारीच आहे. पातळ स्वेटर पुरतो, दुपारी तोही काढावा लागतो.

आईबाबांची विमानाची तिकिटं अजून काढली नसतील तर आधी त्या वर्षीच्या फेअरच्या तारखा बघा. आई म्हणेल, "दिवाळी इकडे करून मग येतो." काही वर्षी तोवर फेअर संपलेलं असतं.