गावच्या चर्चच्या पाळकांना मदत करायचीय? आधी एवढं बघा

ताई, नंदुरबारकडच्या पाळकसाहेबांना मदत करायचं मनात आलंय ना, मग कराच. फक्त सुरुवातीला फार खोलात शिरू नका.

आधी एका रविवारी उपासनेला जाऊन बसा. अर्पणाच्या वेळी बघा, कुणी दहाची नोट टाकतं, कुणी पिशवीतून मका आणतं. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गेली की तेही आटतं. पेट्रोल मात्र तेवढंच लागतं, कारण पाड्यापाड्यांवर आजारपणं, मर्तिकं थांबत नाहीत. म्हणून नाताळात एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा हजार द्या, पण खाडा करू नका.

पैसे मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, खात्यात टाका, पंचांना (चर्चच्या कारभाऱ्यांना) कळवून. गुपचूप हातात दिलेत तर कुजबुज सुरू होते, आणि निस्तरावं लागतं पाळकांनाच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- जुन्या कपड्यांची गाठोडी पाठवतात. (कृपा करून नको!)
- ‘यंदा बाप्तिस्मे किती?’ असं विचारतात. आकडा मागितला की आकडाच मिळतो.
- भिली, मावची बोलणाऱ्यांना उपासना कशी करायची ते पुण्यात बसून सांगतात.

तुमचा भाऊ परदेशात आहे म्हणालात. पासपोर्ट भारतीय असेल तर तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवू शकतो. नागरिकत्व बदललं असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागू होतो, आणि त्याखाली नोंदणी वा परवानगी नसलेल्या मंडळीला ते पैसे घेता येत नाहीत. करसवलतीचं नंतर बोलू.